हातभरणीचे काडतूस आणि शस्त्रविषयक धोरण : चांदा प्रदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर आज सिमेंट उद्योगासाठी ओळखले जाते. माणिकगडाच्या परिसरातील हा भाग पूर्वी राजुरा तालुक्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदीपलीकडील चांदा मात्र नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेला व १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांताचा भाग बनला. जंगल एकच, परंतु राज्ये दोन, अशी या प्रदेशाची स्थिती होती. अशा वनप्रदेशात बंदूक हे शिकारीचे, पीकरक्षणाचे आणि प्रसंगी बंडाचेही साधन ठरले. तथापि बंदुकीचा इतिहास लिहिताना बहुधा नळीचाच विचार होतो. नळीत काय भरले जाते, किती भरले जाते आणि ते भरण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे.

ठासणीच्या बंदुकीतील मापाचे ज्ञान

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो. तोंडातून मोजकी दारू ओतायची, त्यावर गोळी गजाने ठासायची आणि कानावर टोपी बसवायची, असा हा क्रम आहे. दारू कमी पडली तर गोळी वाटेतच खाली झुकते. अधिक झाली तर खांद्याला धक्का बसतो, नेम ढळतो, प्रसंगी नळीही फाटते. त्यामुळे प्रत्येक बंदुकीचे योग्य माप अनुभवानेच निश्चित करावे लागते.

या अनुभवाला शास्त्रीय रूप देणाऱ्यांत मध्यप्रांतातील अधिकारी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ (१८३८-१८७१) यांचा उल्लेख करावा लागतो. वनखात्यात आणि पुढे निमाड जिल्ह्यात जमाबंदीचे काम केलेल्या फॉर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी, १८६० च्या दशकात, शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवरील त्यांचे स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यांचा युक्तिवाद असा : जंगलात जनावराचे अंतर मोजण्यास सवड नसते, म्हणून गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट हवा आणि त्यासाठी दारू भरपूर हवी. परंतु नळीतील पिळदार खाचांचा पीळ जलद असेल, तर दारूच्या जोराने गोल गोळी खाचांचा मार्ग सोडून सरळ घसरत बाहेर पडते. यावर उपाय म्हणून त्यांनी अतिशय मंद पिळाचा पुरस्कार केला. बंदूक, गोळी आणि दारू या तिघांचा मेळ बसविणे हे हातभरणीचे मूळ तत्त्व त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

काडतूस आणि पितळी पुंगळी

काडतुसाला राजकीय अर्थ असतो, हे १८५७ मध्ये एनफिल्डच्या चरबीयुक्त काडतुसांनी सिद्ध केले होते. चांदा प्रदेशात बाबूराव शेडमाके यांनी केलेल्या उठावाचा शेवट २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांच्या फाशीने झाला. यानंतर नि:शस्त्रीकरणाचे धोरण अधिक कठोर होत गेले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्र कायदा केवळ बंदुकीपुरता नव्हता. शिसे, गंधक आणि सोरा यांनाही लष्करी सामग्रीत समाविष्ट करण्याचा अधिकार या कायद्याने गव्हर्नर जनरलला दिला. म्हणजेच बार भरण्याचे घटकही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने बंदुकीइतकेच महत्त्वाचे होते.

याच काळात बंदुकीच्या रचनेत मोठे स्थित्यंतर झाले. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही मागून भरावयाची, एकबारी व जड गोळीची रायफल होती. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू व ४८० ग्रेन वजनाची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, शिशाची गोळी असे. आरंभीची काडतुसे पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असत व ती पुन्हा भरण्यास फारशी योग्य नसत. पुढे एकसंध ओढीव पितळेची पुंगळी आली. झाडलेली पुंगळी उचलून तीत नवी टोपी, दारू व गोळी बसविणे आता सुलभ झाले. कारखान्याच्या मालाला जंगलातील तंबूत पर्याय निर्माण झाला.

०.४५० व्यासावरील बंदी

या पर्यायाची भीती सरकारला किती होती, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९०७ च्या सुमारास घातलेल्या बंदीत सापडते. त्या वेळी ०.४५० इंच व्यासाच्या जड रायफली युरोपीय शिकाऱ्यांत लोकप्रिय होत्या. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका मात्र हिंदुस्थानात व सुदानमध्ये सरकारविरोधी गटांच्या हाती गेल्या होत्या. शिकारी काडतुसांतील गोळ्या त्या बंदुकांना उपयोगी पडतील, या शंकेने ०.४५० व्यासाची आयात बंद करण्यात आली. परिणामी इंग्रज बंदूककारांनी ०.४६५, ०.४७० यांसारखी नवी मापे पुढे आणली. येथे बंदी बंदुकीच्या सामर्थ्यावर नव्हती, ०.४७० ची रायफलही तितकीच प्रभावी होती. बंदी होती ती जुन्या बंदुकीत गोळी पुन्हा भरता येण्याच्या शक्यतेवर.

धूरविरहित दारूनेही हातभरणीच्या ज्ञानाचे स्वरूप पालटले. काळ्या दारूचे माप आकारमानाने घेता येई. कॉर्डाइट त्याच आकारमानात जुन्या बंदुकीत भरल्यास नळी फुटण्याचा धोका होता. रिव्हॉल्व्हरच्या लहान पुंगळीत तर चुकीला अत्यल्प वाव राहिला. मापाचे ज्ञान अशा रीतीने शिकाऱ्याच्या हातून कारखान्याच्या तराजूकडे सरकले. खडकी येथील १८६९ चा दारूगोळा कारखाना हे महाराष्ट्रातील त्याचे ठळक केंद्र होय.

स्वातंत्र्योत्तर सातत्य

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा कायदा रद्द होऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. राजुरा तालुकाही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबादपासून अलग होऊन १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला आणि दोन्ही तीरांवर एकच व्यवस्था लागू झाली. तथापि जुने तत्त्व टिकून राहिले. नव्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग, तो तयार करण्याची यंत्रे आणि अधिसूचित घटक यांचाही अंतर्भाव आहे. १९६२ च्या नियमांत ०.३०३ रायफलीचे किंवा ०.४५५ रिव्हॉल्व्हरचे काडतूस ज्यात बसू व झाडता येईल, अशी शस्त्रे निषिद्ध वर्गात घातली गेली. म्हणूनच नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी ०.३१५ ची रायफल व ०.३२ चे रिव्हॉल्व्हर अशी वेगळी मापे ठेवली. १९०७ च्या बंदीमागील विचाराचेच हे पुढचे रूप मानता येईल.

याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. प्रत्येक बार हाताने भरावी लागणारी, मंद गतीची बंदूक शासनाला शेतकऱ्याच्या हाती कमी धोक्याची वाटली. तीच बंदूक गडचिरोलीच्या जंगलात ‘भरमार’ या नावाने नक्षलवाद्यांकडून जप्त केलेल्या शस्त्रांच्या यादीत वारंवार आढळते. तिला कारखान्याच्या काडतुसाची गरज नाही, हे तिच्या टिकून राहण्याचे प्रमुख कारण होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे युग संपले. बार भरण्याचा प्रश्न मात्र संपला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, शस्त्रविषयक धोरणाचा केंद्रबिंदू बंदुकीइतकाच तिचा बार हा राहिला आहे. काडतूस प्रमाणित झाले, तसे ते भरण्याचे ज्ञान व अधिकार शासन आणि कारखाना यांच्याकडे एकवटले. त्यामुळे वनप्रदेशातील ठासणीच्या बंदुकीस केवळ मागासलेपणाचे चिन्ह समजणे अपुरे ठरते. ती शतकभराच्या नियंत्रणातून उरलेली, स्वतःचा बार स्वतः भरणारी बंदूक आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी जप्तीच्या नोंदी, परवान्यांची दप्तरे आणि गावातील वृद्धांच्या आठवणी या दृष्टीने पुन्हा तपासल्यास चांदा व राजुरा या दोन्ही तीरांचा इतिहास अधिक स्पष्ट होण्यास मदत होईल.