शिट्टी आणि कायदा

तुळिंजच्या गाळ्यांतून संध्याकाळी फिरले की एक ओळखीचा वास येतो: ओल्या कापडाचा आणि गरम लोखंडाचा. अशाच एका गाळ्यात मी काही वर्षे हिशेब लिहीत असे. तयार कपड्यांना वाफेची इस्त्री करण्याचे ते काम. कोपऱ्यात विजेवर चालणारा एक इवलासा बॉयलर होता. पाणी मावे पंचवीस लिटरच्या आत.

एका दिवाळीच्या तोंडावर कामाची घाई उडाली होती. बॉयलरची सुरक्षा-झडप सारखी उडे आणि वाफ फुकट जाई, म्हणून कोणीतरी ती तारेने आवळून टाकली. ते इस्त्रीवाल्या मामांनी पाहिले मात्र, हातातला सदरा टाकून त्यांनी आधी बटण बंद केले. मालक चिडले तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “शेठ, ती ओरडत होती ते आपल्यासाठीच.”

मामांना हे शिकवले कोणी? त्यांच्या परळच्या गिरणीने. तिथे ते बॉयलरवर होते, दाखला मिळवून. आणि गिरणीला शिकवले कायद्याने. त्या कायद्याची कहाणी दुःखाची आहे.

झडप तशी जुनी. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच पंडिताने १६७९ साली लंडनमध्ये हाडे शिजवण्याचे झाकणबंद भांडे दाखवले आणि ते फुटू नये म्हणून पुढे त्याला वजनाची झडप बसवली. आपल्या घरच्या कुकरचे हे पणजोबाच! पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. ती न मिळाल्यास लोखंड फाडून घेते.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि वाफेचे राज्य आले. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. पण प्रत्येकाचे माप निराळे. अमेरिकेतही तेच घडले. १९०५ साली ब्रॉक्टन गावी जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे गेली, आणि त्यानंतर कुठे तिथे नियम बांधले गेले. आधी प्रेते, मग कलमे, असाच हा क्रम दिसतो.

आपल्याकडे सर्व प्रांतांना एक असा कायदा १९२३ साली झाला. पाच गॅलनांहून मोठा बॉयलर नोंदवावा, वर्षाकाठी तपासून घ्यावा, दाखल्याशिवाय पेटवू नये. रेल्वेची इंजिने मात्र त्यातून वगळली होती. पत्र्याची जाडी किती, सांधा कसा, पाण्याच्या दाबाची परीक्षा कशी घ्यावी, हे सारे १९५० च्या नियमावलीत बारकाईने आले. २००७ च्या दुरुस्तीने पंचवीस लिटरची रेघ आली, आणि सरकारी इन्स्पेक्टरबरोबर मान्यताप्राप्त खासगी संस्थांनाही तपासणीची मुभा मिळाली. २०२५ साली नवा कायदा येऊन १९२३ चा कायदा निवृत्त झाला. सातांपैकी चार गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा राहिली. बाकीच्यांना केवळ दंड.

लहान उद्योगांवरचा जाच कमी व्हावा हे मलाही पटते. रजिस्टरे भरून माझी बोटे दुखलेली आहेत. परंतु आमचा बॉयलर पंचवीस लिटरच्या रेघेखालचा होता. त्याला ना नोंद, ना इन्स्पेक्टर, ना दाखलेवाला माणूस. त्या दिवशी आम्हांला वाचवले ते परळहून तुळिंजला आलेल्या एका म्हाताऱ्याच्या सवयीने. ती सवय त्याला दाखल्यापायी जडली होती. गिरण्या गेल्या, असे मामा आता किती गाळ्यांत उरले असतील?

वाचकहो, फराळाच्या गडबडीत कुकरची शिट्टी नको तेव्हा वाजली तर तिच्यावर रागावू नका. आणि मुलांना ती का वाजते, तेवढे जरूर सांगा.