ॲमेझॉनचा एकाक्ष साक्षीदार

२६ डिसेंबर १५४१. आजच्या इक्वेडोरमधील कोका नदीच्या परिसरात गोन्झालो पिझारोची मोहीम उपासमारीने खचली होती. दालचिनीची झाडे आणि सोन्याचा प्रदेश शोधण्यासाठी सुमारे २०० स्पॅनिश आणि हजारो स्थानिक हमाल क्विटोहून निघाले होते. या हमालांपैकी फारच थोडे वाचले. अखेर जंगलातच बांधलेले एक लहान जहाज घेऊन फ्रान्सिस्को दे ओरेयाना पन्नास-साठ माणसांसह अन्नाच्या शोधात प्रवाहाबरोबर निघाला.

तो परत आलाच नाही. पिझारोने राजाला लिहिलेल्या पत्रात त्याच्यावर दगाबाजीचा आरोप केला.

जहाजावर गास्पार दे कार्व्हाहाल हा डॉमिनिकन धर्मगुरू होता आणि या प्रवासाची सविस्तर हकिकत त्यानेच लिहिली. प्रवाहाच्या जोरामुळे परतणे अशक्य होते, असे तो सांगतो. तो ओरेयानाचा सोबती असल्याने या मुद्द्यावर त्याच्या निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र भुकेचे त्याचे वर्णन खरे वाटते. चामड्याचे पट्टे आणि जोड्यांचे तळवे वनस्पतींबरोबर उकळून या लोकांनी पोट भरले. लोहारकामाची सवय नसलेल्या माणसांनी सुमारे दोन हजार खिळे घडवले आणि पुढे त्यांतूनच दुसरे, मोठे जहाज उभे राहिले.

नदी रुंदावत गेली तशी कार्व्हाहालची नोंदही बदलत गेली. माचिपारो नावाच्या सरदाराच्या मुलखात घराला घर लागून पाच लीग, म्हणजे पंचवीस किलोमीटरहून अधिक, पसरलेली वस्ती त्याने नोंदवली. कुंपणात पाळलेली कासवे, आतल्या भागाकडे जाणारे रुंद रस्ते आणि स्पेनमधील मालागाच्या भांड्यांनाही मागे टाकणारी रंगीत मातीची भांडी यांचाही उल्लेख त्यात आहे. हे सारे पाहणारे पाहुणे नव्हते. ते अन्न लुटत होते आणि काठावरून बाणांचा वर्षाव होत होता. अशाच एका चकमकीत कार्व्हाहालचा एक डोळा गेला.

२४ जून १५४२ च्या लढाईत आपल्यावर योद्ध्या स्त्रियांनी हल्ला केला, असे त्याने लिहिले. ग्रीक दंतकथांतील ॲमेझॉन स्त्रियांची आठवण देणाऱ्या या प्रसंगावरूनच नदीला पुढे नाव मिळाले. साक्षीदाराची पत मात्र गेली. दहा वर्षांनी इतिहासकार लोपेझ दे गोमारा याने या कथेची टर उडवली. कार्व्हाहालची हकिकत स्वतंत्र ग्रंथ म्हणून प्रसिद्ध व्हायला १८९४ साल उजाडले. ज्याने योद्ध्या स्त्रिया पाहिल्या, त्याने गावेही कल्पनेतूनच रचली असणार, असा सोयीचा तर्क रूढ झाला. विसाव्या शतकात त्याला शास्त्राचाही आधार मिळाला. पर्जन्यवनाची जमीन नापीक असल्याने तेथे मोठी लोकवस्ती टिकणेच शक्य नाही, असे बेटी मेगर्स या पुरातत्त्वज्ञ आग्रहाने मांडत असत.

या तर्काला पहिला धक्का मातीनेच दिला. नदीकाठी जागोजागी काळी, सुपीक माती सापडते. पोर्तुगीजमध्ये तिला ‘टेरा प्रेटा’ म्हणतात. कोळसा, माशांची व प्राण्यांची हाडे, घरगुती कचरा आणि खापरे यांतून ती माणसाच्या दीर्घ वास्तव्यामुळे तयार झाली. पुढे ब्राझीलच्या शिंगू भागात खंदक व रस्ते असलेल्या वस्त्यांचे अवशेष आढळले. २०२२ साली बोलिव्हियात आणि २०२४ साली इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात लायडरच्या लेझर-नकाशांनी जुन्या नागरी वस्त्या उघड केल्या. येथे उतावीळपणा टाळायला हवा. उपानोची वस्ती ओरेयानाच्या कित्येक शतके आधीच ओस पडली होती, त्यामुळे ती कार्व्हाहालच्या पाच लीगांचा पुरावा ठरत नाही. मोठ्या वस्त्या ‘अशक्य’ होत्या, हा आक्षेप मात्र तिच्यामुळे निकाली निघतो.

मग ती माणसे गेली कुठे? युरोपीयांबरोबर देवी आणि गोवर आले. त्यांच्या मागोमाग गुलाम पकडणाऱ्यांच्या टोळ्या आल्या. फ्रेंच शास्त्रज्ञ ला काँदामीन १७४३ साली याच नदीतून गेला, तोवर काठावरच्या कित्येक जमाती नाहीशा झाल्या होत्या किंवा आत, जंगलाच्या आश्रयाला गेल्या होत्या. मोकळ्या झालेल्या जागांवर झाडे वाढली आणि पुढच्या प्रवाशांनी त्या रानाला आदिम, अस्पर्श म्हटले.

नदीकाठचे शेतकरी आजही पिकांसाठी काळ्या मातीचे तुकडे हेरून निवडतात. खणताना तिच्यातून रंगवलेली खापरे वर येतात.