नागलीनंतर वरई, वरईनंतर खुरासणी

नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ साली छापलं गेलं, त्यात जिल्ह्याची जुनी वाटणी नोंदवलेली आहे: पूर्वेला देश, पश्चिमेला डांग. देशावर बाजरी आणि गहू. डांगात, म्हणजे पेठ, इगतपुरी, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात, भात आणि नागली, म्हणजे नाचणी. पेठचं संस्थान १८७८ मध्ये खालसा झालं, शेजारचं सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थानच राहिलं. सरकारं बदलली तरी माळावरच्या शेतीचा क्रम मात्र बदलला नाही.

हा क्रम तीन पिकांचा. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई किंवा सावा, तिसऱ्या वर्षी खुरासणी, म्हणजे कारळा. मग जमीन पडीक. कसदार माती आधी नागलीला, उरलेल्या कसावर वरई, आणि अगदी हलक्या झालेल्या मातीतही तग धरणारी खुरासणी शेवटी. खुरासणीला गुरं फारशी तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. कुटुंबाचे तुकडे क्रमाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असले की भाकरी, भात आणि तेल अशी तिन्ही गरजांची सोय एकाच हंगामात होई. जोडीला बांधावरचा उडीद.

नागलीची सुरुवात राबापासून. उन्हाळ्यात रोपांपुरता तुकडा निवडायचा, त्यावर शेणाचा थर, वर ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर गवत-पालापाचोळा आणि तो उडू नये म्हणून वरून मातीचा पातळ थर. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते. पावसाच्या तोंडावर त्यातच बी पेरायचं आणि रोपं वीतभर झाली की उपटून आवणी.

इंग्रजांच्या वनखात्याला हा राब खुपत होता. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि फांद्या छाटणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. ओरड इतकी वाढली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा भर ठाणे-कुलाब्यावर असला तरी प्रश्न सगळ्या सह्याद्रीचा होता. पुढे जंगलाच्या हद्दी आवळत गेल्या, माणसं वाढली, तशी पडीक ठेवायची वर्षं घटली. विश्रांती न मिळालेल्या उतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ लागली. क्रम तोच राहिला, उतारा मात्र घसरला.

नागलीचा खरा कस लागे तो दुष्काळात. दाणा बारीक आणि टणक, त्याला कीड सहसा लागत नाही. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कणगी भरून ठेवली की धान्य वर्षानुवर्षं टिके. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मुंबई इलाखा होरपळला. अशा काळात घरात जुनी नागली असणं हाच विमा होता. पोषणाचा हिशेबही चोख. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. बाळंतिणीला नागलीची आंबील, तान्ह्याला मोड आणून केलेलं सत्त्व आणि शेतावर जाणाऱ्याच्या फडक्यात काळपट भाकरीबरोबर खुरासणीची चटणी. कोकणा आणि वारली समाजांनी धान्याला कणसरी म्हणून देवीचा मान दिला, तो उगाच नव्हे.

मग नागली मागे का पडली? चवीमुळे नव्हे. मळणी आणि कांडप यांत बायकांचे दिवस जात. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागला. देशावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना मजूर हवे होते, ते डांगातून येऊ लागले. सुरगाण्याच्या उतारांवर स्ट्रॉबेरी आली आणि सापुतारा रस्त्यावर तिचे स्टॉल लागले. घरात रोख पैसा आला, ताटात मात्र रेशनचा भात वाढला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवरच्या भरडधान्याचा दर किलोला १ रुपया ठरवला, २०१८ मध्ये केंद्राने या धान्यांना पौष्टिक धान्य म्हणून मान्यता दिली आणि भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं. त्या वर्षीच्या खरिपात नागलीचा हमीभाव क्विंटलला ३,८४६ रुपये होता, तर साध्या भाताचा २,१८३. खुरासणीला ७,७३४. आकडे आकर्षक आहेत, पण डोंगरउतारावरचा एकरी उतारा कमी आणि खरेदी केंद्र लांब असलं की ते कागदावरच राहतात.

आणि क्रमातलं मधलं पीक? वरईला केंद्राच्या हमीभावाच्या यादीत जागाच नाही. तिचीच भगर एकादशीला घरोघरी शिजते आणि ती भरडणाऱ्या गिरण्यांसाठी नाशिक शहर प्रसिद्ध आहे. त्या गिरण्यांना लागणारं धान्य आता मोठ्या प्रमाणावर परराज्यांतून येतं.