कुणब्यासाठीं सरकारी वकील

नगर शहराच्या उत्तरेस, मनमाडच्या रस्त्यावरील सावेडी हें आज महानगरपालिकेच्या हद्दींतील गजबजलेलें उपनगर आहे. दीडशें वर्षांपूर्वीं तें शेतकऱ्यांचें खेडें होतें. तेथल्या कुणब्यास जिल्ह्याचें ठिकाण पायीं गांठतां येई. जामखेडच्या कुणब्यास तेंच दूरच्या मजलेचें. परंतु सावकाराचा दावा लागला म्हणजे जवळच्याची आणि दूरच्याची गति एकच होत असे. न्यायालय जवळ असून भागत नाहीं. तेथें आपल्या बाजूनें बोलणारा वेळेवर मिळावा लागतो.

१८५९ च्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतु ऋणकोच्या हिताचा, परिणाम मात्र उलटा. मुदत सरत आली कीं सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी, आणि त्या बेरजेवर पुन्हां व्याज धांवूं लागे. निरक्षर कुणबी रोख्याखालीं नांगराची निशाणी करून मोकळा होई. पुढें समन्स येई. तें वाचावयाचें कोणीं, आणि न्यायाधीशापुढें उभें राहून सांगावयाचें काय? बहुतेक दावे एकतर्फीच निकालांत निघत. न्यायदानाच्या विलंबाबद्दल सावकाराला तक्रार करण्याचें फारसें कारण नव्हतें!

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत चढलेला कापसाचा भाव युद्धानंतर कोसळला, आणि कर्ज तेवढें मागें राहिलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व लवकरच नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें या भागांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. रोखे आणि वह्या हिसकावून त्यांची होळी केली गेली. एकंदर ९५१ जणांना अटक झाली. ज्या कागदाविरुद्ध न्यायालयांत बोलतां येत नव्हतें, तो कागद लोकांनीं जाळून टाकला.

सरकारनें चौकशी केली, आणि पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावरचा आंकडा प्रमाण न मानतां न्यायाधीशानें व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकूं नये, अशीं त्यांतील कलमें प्रसिद्ध आहेत. कमी प्रसिद्ध आहे तें ६९ वें. प्रतिपक्षातर्फे वकील उभा आहे आणि शेतकऱ्यास योग्य वकील देण्याची ऐपत नाहीं, असें न्यायाधीशास वाटल्यास, शेतकऱ्याच्या संमतीनें त्यानें सरकारी वकिलास, किंवा राजी असलेल्या दुसऱ्या योग्य माणसास, त्याच्या वतीनें उभें राहण्यास सांगावें. अर्ज नाहीं, दाखला नाहीं, समितीची बैठक नाहीं. गरज जेथें दिसली तेथेंच मदतीची सोय. मात्र हें न्यायाधीशाच्या मर्जीवर होतें, शेतकऱ्याचा हक्क नव्हता. शिवाय जो न्यायालयांत आलाच नाहीं, त्याला या कलमाचा उपयोग तो काय? चारी जिल्ह्यांतील न्यायालयांच्या या कामावर देखरेख ठेवण्यास विशेष न्यायाधीश नेमले जात. १८८७ सालीं ती जागा महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आली.

सर्वच गरिबांसाठीं अशी सोय व्हावी, म्हणून मुंबई सरकारनें १९४९ सालीं न्यायमूर्ति नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तालुक्यापासून राज्यापर्यंत मदतीची यंत्रणा उभारावी अशी तिची शिफारस होती. ती खर्चाच्या नांवानें बाजूस पडली. मोफत विधिसाहाय्याचें तत्त्व राज्यघटनेंत आलें १९७६ सालीं, त्यासाठीं कायदा झाला १९८७ सालीं, आणि तो अंमलांत आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजीं.

आतां सावेडीच्या रहिवाशास नगरांतील जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करतां येतो. प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द जिल्हा न्यायाधीश असतात. स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींतील व्यक्ति आणि मुलें यांना उत्पन्नाची अट नाहीं. अर्जाचा निर्णय सात दिवसांच्या आंत व्हावा असा नियम आहे. दिवाणी दाव्यांत समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत देण्यास सामान्यतः तीस दिवसांची मुदत असते. न्यायालयानें वाढविल्यास ती नव्वदपर्यंत जाते. समन्स कळून घेण्यांत, कागद जमविण्यांत आणि कचेरी शोधण्यांत गेलेले दिवस त्याच तीसांतले. अर्जाचे सात दिवसहि त्यांतूनच वजा होतात.