कुर्ल्याची फिआट आणि प्लगाची धग



गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत घाटकोपर वा अंधेरीच्या एखाद्या गॅरेजांत आपण डोकावलां असतां, तर मिस्त्री फिआट टॅक्सीचा प्लग काढून, वैद्यानें रोग्याची जीभ पाहावी तसें त्याचें टोंक न्याहाळतांना दिसला असता. काजळी धरली असेल तर प्लग फार थंड, किंवा पेट्रोल अधिक. पांढरा पडला असेल तर फार तापतो. बदामी असेल तर प्रकृति ठीक!

ही गाडी उपनगराचीच लेक. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून मोटारी बाहेर पडूं लागल्या. फिआट पुढें तेथेंच तयार झाली, व १९७० नंतरच्या दशकांत तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. तिचें १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन पेट्रोलसाठीं आंखलेलें. प्लगही त्याच हिशेबाचा.

‘थंड’ आणि ‘उष्ण’ हे शब्द मोठे फसवे आहेत. ठिणगी दोघांचीही सारखीच. फरक आहे तो आंतील चिनी मातीच्या नाकाचा. तें लांब असलें म्हणजे उष्णतेला बाहेर पडण्याची वाट लांब पडते व टोंक तापलेलें राहतें. आंखूड असलें म्हणजे तें लौकर निवतें. टोंक सुमारें ४५० अंशांवर गेलें म्हणजे काजळी आपोआप जळते. ८५० अंशांच्या बरेंच पलीकडे गेलें, तर ठिणगीची वाट न पाहतां तेंच इंधन पेटवूं लागतें, आणि पिस्टन वितळण्याची पाळी येते. त्यांत कंपन्यांचे आंकडेही उलटसुलट! एनजीकेचा आंकडा वाढला तर प्लग थंड. बॉशच्या आजच्या पद्धतींत वाढला तर उष्ण.

चालू शतकाच्या आरंभीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आणाव्या लागल्या. इंजिन तेंच, पण त्याचा आहार बदलला. वायु पेटविण्यास विजेचा दाब अधिक लागतो. म्हणून प्लगाची फट कमी करावी लागते. पेट्रोलची वाफ होतांना मिळणारा गारवा वायूंत नाहीं. म्हणून बहुधा एक पायरी थंड प्लग मानवतो. परंतु त्याच टॅक्सी सुरू होत पेट्रोलवर, आणि पेट्रोलवर फार वेळ चालल्या कीं थंड प्लग काजळी धरी. मिस्त्रीची मोठी अडचण निराळीच होती. वायु स्वच्छ जळतो, त्यामुळें प्लगाचें नाक बहुधा पांढरेंच दिसतें. म्हणजे जीभ पाहून रोग ओळखण्याची विद्या निकामी झाली. गाडी गचके देऊं लागली कीं दोष वायूला मिळे. माझ्या मतें पुष्कळदां तो झिजून रुंद झालेल्या फटीचाच असे.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रस्त्यावरून गेली.