अजिंठ्याचा काल आणि एक नवा ग्रंथ

अजिंठ्याचीं लेणीं पाहून आलेल्या कोणाही सुशिक्षित गृहस्थास, तीं खोदावयास किती काळ लागला असेल असें विचारलें, तर 'कित्येक शतकें' असेंच उत्तर बहुधा मिळेल. आम्हीही पुष्कळ दिवस तसेंच समजत होतों. आणि फर्ग्युसन व बर्जेस ह्यांच्या १८८० सालच्या ग्रंथापासून ह्या समजुतीस पंडितांचाही आधार होता.

तिच्यावर मोठा आघात केला तो अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे कलेतिहासज्ञ वॉल्टर स्पिंक ह्यांनीं. ते २०१९ सालीं निवर्तले. परंतु २००५ पासून लायडनहून निघूं लागलेला त्यांचा 'अजंटा : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट' हा अनेकखंडी ग्रंथ आज ह्या विषयाच्या अभ्यासकास टाळतां येत नाहीं. त्यांचा सिद्धांत थोडक्यांत असा : नवव्या-दहाव्यासारखीं सातवाहनकालीन लेणीं सोडलीं, तर बाकीचा सारा पसारा वाकाटक नृपति हरिषेण ह्याच्या काळीं, सुमारें इ. स. ४६० ते ४८० ह्या वीस वर्षांत, उभा राहिला. आणि राजाच्या मृत्यूनंतर लवकरच काम कायमचें थांबलें.

ह्या सिद्धांताचा पाया मोठ्या चिकाटीनें घातलेला आहे. भिक्षूंच्या खोल्यांचीं दारें फिरावींत म्हणून चौकटींत कोरलेले खळगे स्पिंक ह्यांनीं लेण्यालेण्यांतून तपासले. त्यांची घडण बदलत गेली, त्यावरून त्यांनीं कामाचा क्रम लाविला. खळगे झिजले आहेत कीं कोरे आहेत, छतास काजळी धरली आहे कीं नाहीं, ह्यावरून कोणतें लेणें खरोखर वापरांत होतें हें ठरविलें. चित्रें पाहतां पाहतां ज्या उंबरठ्यावरून आपण सहज पुढें जातों, तोच येथें साक्षीदार झाला आहे.

तथापि क्रम सांगणें निराळें आणि सन सांगणें निराळें. सोळाव्या लेण्यांतील वराहदेव मंत्र्याचा लेख महामहोपाध्याय मिराशी ह्यांनीं १९४१ सालीं संपादून प्रसिद्ध केला. त्यांत हरिषेणाचें नांव आहे, पण सन नाहीं. मिराशी स्वतः हरिषेणाचा काल इ. स. ४७५ ते ५०० च्या सुमारास धरीत. ही उणीव भरून काढण्यास स्पिंक ह्यांनीं दंडीच्या 'दशकुमारचरिता'ची कास धरली. त्यांतील विश्रुताच्या कथेंत विदर्भाचा व्यसनी तरुण राजा अश्मकाच्या कारस्थानास बळी पडतो. ह्या कथेंत वाकाटकांच्या ऱ्हासाची आठवण असावी, हें मिराशींनींही दाखविलें होतें. परंतु आठवण मानणें आणि तीवरून वर्षावर्षाची बखर रचणें ह्यांत फार अंतर आहे. येथें आमचें मन स्पिंक ह्यांच्यामागें जात नाहीं.

हा वाद केवळ सनावळीचा नव्हे. स्पिंक ह्यांचें म्हणणें खरें असेल, तर अजिंठा हें शतकांच्या संथ तपश्चर्येचें फळ नसून एकाच पिढींतील मंत्री, मांडलिक आणि भिक्षू ह्यांच्या चढाओढीचें फळ ठरतें. आणि चोविसाव्यासारखें अर्धवट राहिलेलें भव्य लेणें हा त्या पिढीवर कोसळलेल्या संकटाचा पुरावा होतो. दगडानें दिलेली ही साक्ष आम्हांस बव्हंशीं पटते. कथेनें दिलेली पटत नाहीं. वाचकांनीं पुढच्या वेळीं पद्मपाणीचें दर्शन घेतल्यावर क्षणभर खोलीच्या दाराशींही वांकून पाहावें, आणि निवाडा स्वतः करावा.