आधी बॉडी, मग कार्ड

गेमिंग लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कार्ड कोणतं?" दुसरा: "कितीला पडला?" ज्या पेटीत ते कार्ड कोंबलंय तिची चौकशी फार तर रंग आणि कीबोर्डखालचे दिवे एवढीच. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, आणि ते पटवायला थोडा इतिहास उगाळावा लागेल. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा.

सुरुवात पुण्यापासून करू. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आपल्याला बंदुका आणि गाड्याच आठवतात, पण मराठी माणसाच्या कामी आलेलं एक जुनं कार्ड देवनागरीसाठी होतं. त्याचं नाव जिस्ट. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलं. पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड खोचलं की डॉसवरच्या वर्डस्टार, डीबेससारख्या प्रोग्रॅममध्ये चक्क आपली अक्षरं दिसायची. आता गंमत बघा. हे कार्ड घेताना 'कॅबिनेटला झेपेल का' असं विचारायचं कारणच नव्हतं. पेटी भलीमोठी, आत हवाच हवा, आणि कार्डाला वीज लागायची चिमूटभर.

१९९६ साली थ्रीडीएफएक्सचं वूडू आलं तरी हाच थाट. आधीचं टूडी कार्ड तसंच ठेवायचं, शेजारी वूडू बसवायचं आणि दोन्ही बाहेरून एका केबलने जोडायची. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं, 'जीपीयू' हा शब्द जाहिरातीतून घराघरात पोचवला आणि २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सलाच गिळायचा सौदा केला. त्याच सुमारास जीफोर्स२ गो ही चिप लॅपटॉपसाठी आली. खरी गोची इथून सुरू झाली.

कार्ड जेवढी वीज खातं, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपमध्ये ती कुठेही जाईल, पण दोन बोटं जाडीच्या लॅपटॉपमधून जाणार कुठून? हा प्रश्न गेमिंगपेक्षा जुना आहे. १९८२ च्या ग्रिड कंपास या घडी होणाऱ्या कॉम्प्युटरला मॅग्नेशियमची बॉडी होती, आणि ती बॉडीच उष्णता बाहेर टाकायची. म्हणजे बॉडी हा तेव्हापासूनच कूलिंगचा भाग आहे, नुसतं झाकण नाही. पुढे मदतीला आले हीट पाइप. १९६३ साली लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी विकसित केलेली ही कल्पना साधी आहे: बंद नळीत थोडंसं पाणी, ते चिपपाशी उकळून वाफ होतं, वाफ पंख्यापाशी जाऊन थंडावते आणि पाणी आतल्या जाळीतून परत चिपकडे झिरपतं. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये तांब्याच्या चपट्या नळ्या दिसतात ना, त्या ह्याच.

दुर्लक्ष केलं की काय होतं तेही बघून झालंय. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या पॅकेजिंगमध्ये दोष असल्याचं सांगून दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तापणं-थंडावणं, तापणं-थंडावणं या चक्रात चिपखालचे जोड तडकत होते. काही लॅपटॉप कंपन्यांनी उपाय म्हणून बायॉस अपडेट दिले, त्यात पंखे जास्त वेळ फिरत राहायचे! लॅपटॉपची चिप बहुतेक वेळा मदरबोर्डलाच डाग दिलेली असते. ती गेली की मदरबोर्डच गेला. बदलता येतील अशा कार्डांसाठी २००४ मध्ये एमएक्सएम नावाचं मानक आलं होतं, पण सर्वसामान्य लॅपटॉपात ते कधी रुळलं नाही.

२०१६ पर्यंत लॅपटॉपच्या कार्डाच्या नावापुढे एक 'एम' असायचा, म्हणजे निदान धाकटा भाऊ आहे एवढं कळायचं. त्या वर्षी तो बऱ्याच कार्डांवरून गेला. २०१७ मध्ये मॅक्स-क्यू आलं: बॉडी बारीक, कार्ड तेच, वीज कमी. मग एकाच नावाची दोन कार्डं वेगवेगळ्या वेगाने पळू लागली आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं. शेवटी २०२१ मध्ये एनव्हिडियाने कंपन्यांना वॅटचा आकडा जाहीर करायला सांगितलं. उदाहरणच घ्या. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ची अधिकृत रेंज आहे ३५ ते ११५ वॅट. एकच नाव आणि तिपटीहून जास्त फरक! ४०९० डेस्कटॉपमध्ये ४५० वॅट खातं, लॅपटॉपमध्ये जास्तीत जास्त १७५, आणि आतली चिपही वेगळी. असो.

हे सगळं मला का सुचलं? माझा मामेभाऊ. मामाचं घर गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात, बोदलकशाच्या तलावाजवळ. पोराला नागपूरला अ‍ॅनिमेशनचा कोर्स करायचाय, पण सुट्ट्यांतलं सगळं काम घरीच. पैसे धानाचे, म्हणजे वर्षाच्या कमाईतला मोठा लचका, आणि पुढची चार वर्षं दुसरा लॅपटॉप नाही. त्याचा फोन: "दादा, कार्ड कोनता घेऊ? बारीकवाला चाळीस-सत्तर भेटून राहिला."

बारीक बॉडीतलं ४०७० की त्याच किमतीतलं जाड बॉडीतलं ४०६०? कागदावर बघा: लॅपटॉपच्या दोन्ही कार्डांना मेमरी ८ जीबी, वॅटची रेंजही तीच. बारीक बॉडीत ७०-८० वॅटवर अडकलेलं ४०७० आणि जाड बॉडीत १०० वॅटवर धावणारं ४०६० यांच्यात नावाएवढं अंतर उरत नाही.

त्यात मे महिना. रिव्ह्यूवाले लॅपटॉप तपासतात एसीत, समजा २५ अंशांना. मामाकडच्या कवेलूच्या घरात दुपारी ४२ होतात. चिप साधारण ८७ अंशांना हात आखडता घेते असं धरू. एसीत चिप आणि हवा यांच्यात फरक ६२ अंशांचा, मामाकडे ४५ चा. बाहेर जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे तीच बॉडी तिथे पाऊणपटीहूनही थोडं कमी काम करणार. पुण्यात १५० वॅट बाहेर फेकणारी बॉडी बोदलकशाला ११० वरच दमणार. बारीक बॉडीकडे मुळातच कमी, तिचं काय होईल ते सांगायला नको.

मी त्याला त्याच्याच तलावाचं उदाहरण दिलं. बोदलकशाचा बांध १९१७ सालचा, मातीचा, लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर. हा सगळा मुलूखच तलावांचा. कोहळी समाजाने त्याच्या कितीतरी आधीपासून इथे तलाव बांधले. तलावात पाणी किती मावतं हे सगळे विचारतात, पण मातीचा बांध टिकतो सांडव्यावर. पाणी एकदा बांधावरून वाहू लागलं की मातीच कापून नेतं. म्हणून सांडवा नेहमीच्या पावसाला पुरून चालत नाही, सगळ्यात मोठ्या पुराला पुरावा लागतो. लॅपटॉपमध्ये कार्ड म्हणजे येणारं पाणी आणि बॉडी म्हणजे सांडवा. आपल्याकडचा पूर मे महिन्यात येतो, एवढाच फरक.

तेव्हा माझा क्रम असा. आधी स्पेसिफिकेशनमध्ये कार्डाचा वॅट आकडा शोधा. तो लपवलेला असेल तर तो लॅपटॉप सोडा. मग हवा कुठून येते-जाते ते बघा: खालून ओढून मागून फेकणारी बॉडी चांगली, फक्त गादीवर ठेवायची नाही. खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का? धानाच्या मळणीच्या दिवसांत पंख्यात भुसा जाणारच, वर्षातून दोनदा तरी साफ करावा लागेल. अ‍ॅडॉप्टरवरचे वॅटही वाचा, कंपनीला आपल्या बॉडीवर किती भरवसा आहे त्याचा अंदाज येतो. कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी. २०२५ मध्ये ५० ची मालिका आली तरी क्रम हाच.

मामेभावाने जाड ४०६० घेतला. अडीच किलोचं धूड आहे, त्यात विटेएवढा अ‍ॅडॉप्टर. मामाने हातात घेऊन वजन जोखलं आणि म्हणाला, "पैसे वजनावर घेतले का रे?"

एका अर्थी, हो मामा.